फडावरचें लुगडें



वस्तुसंग्रहालयांत आपण काय पाहावयास जातों असें विचारलें, तर बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें: तलवारी, नाणीं, ताम्रपट, मूर्ति, फार तर एखाद्या सरदाराचा अंगरखा. एखाद्या नटीचें वस्त्र पाहावयास जातों असें सांगणारा गृहस्थ विरळा. आज मी त्या विरळ विषयावरच बोलणार आहें. रंगभूमीवर एका स्त्रीनें नेसलेलें वस्त्र जतन करण्याच्या योग्यतेचें असतें काय, असल्यास त्या वस्त्राबरोबर आणखी काय जतन करावें लागतें, आणि पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांशीं या प्रश्नाचा संबंध काय, एवढाच या भाषणाचा पल्ला आहे.

प्रथम परदेशांतील एक उदाहरण घेऊं, म्हणजे विषयाची कल्पना स्पष्ट होईल. इंग्लंडांत केंट परगण्यांत स्मॉलहाइद नांवाचें एक लहान खेडें आहे. एलेन टेरी या विख्यात नटीचें तेथें घर होतें. १९२८ सालीं त्याच घरीं त्या निवर्तल्या. त्यांच्या मुलीनें तें घर आईचें स्मारक म्हणून राखलें व १९३९ सालीं तें नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केलें. तेथें एक हिरवा पायघोळ पोषाख ठेवलेला आहे. १८८८ च्या डिसेंबर महिन्यांत लंडनच्या लायसियम नाटकगृहांत शेक्सपिअरचें 'मॅक्बेथ' रंगभूमीवर आलें. त्यांत टेरीबाई लेडी मॅक्बेथ झाल्या होत्या, तेव्हांचा हा पोषाख. मऊ हिरवी लोकर आणि निळी चमकी यांची ती हातवीण असून तिच्यावर एका हिरव्या झळाळत्या किड्याचीं सुमारें एक हजार पंखकवचें शिवून बसविलेलीं आहेत. हीं कवचें किडे मारून काढलेलीं नव्हेत. तीं आपोआप गळून पडलेलीं. दिव्यांच्या उजेडांत नटी वळली कीं अंगावर चिलखत आहे कीं सापाची कात आहे, असा भास प्रेक्षकांना व्हावा, ही त्या वेषामागची योजना. जॉन सिंगर सार्जंट या चित्रकारानें १८८९ सालीं बाईंचें याच वेषांतील पूर्णाकृति चित्र काढलें. तें लंडनच्या टेट चित्रसंग्रहाच्या मालकीचें आहे.

शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावर त्या पोषाखाची दशा काय झाली? कवचें तडकलीं, विणकाम स्वतःच्याच भारानें ओढलें गेलें. तेव्हां तो जाणत्या कारागिरांच्या हातीं देण्यांत आला. सुमारें शंभर तुटक्या कवचांना त्यांनीं पाठीमागून पातळ जपानी कागदाचे तुकडे गव्हाच्या खळीनें चिकटवून आधार दिला. सारें मिळून तेराशें तासांच्या आसपास काम झालें आणि २०११ सालीं पोषाख पुन्हा लोकांपुढें आला.

एका नाटकांतील वेषासाठीं तेराशें तास! हा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. याचें उत्तर मला सार्जंटच्या चित्रांतच सांपडतें. चित्रांत बाई दोन्ही हातांनीं मुकुट उचलून स्वतःच्या मस्तकावर धरीत आहेत. पण असा प्रसंग नाटकांत नाहींच. तो चित्रकारानें कल्पिलेला आहे. म्हणजे चित्र आपणांस चित्रकाराची दृष्टि सांगतें. टीकाकाराचा लेख टीकाकाराची रुचि सांगतो. वस्त्र मात्र नटीच्या अंगाला लागलेलें असतें. तिची उंची केवढी, तिनें ओझें केवढें वागविलें, हालचालींत कापड कोठें आधीं विरलें, कोठें पुनः पुनः शिवावें लागलें, हें वस्त्रावांचून दुसरें कोणी सांगूं शकत नाहीं. नाटकाचा खेळ संपला कीं संपला. मागें जें थोडेंबहुत उरतें त्यांत वस्त्र हा सर्वांत जवळचा साक्षीदार होय.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. मराठी रंगभूमीवर दीर्घकाळपर्यंत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या शालू-पैठण्यांची, अलंकारांची आणि केशरचनेची एवढी ख्याति झाली कीं, सुशिक्षित घरांतील स्त्रिया त्यांच्यासारखें नेसूं लागल्या. तमाशांतहि पूर्वी 'नाच्या' हा मुलगाच असे. पुढें पवळाबाई हिवरगांवकर फडावर उभ्या राहिल्या आणि पठ्ठे बापूरावांच्या कवनांना त्यांनीं घरोघर नेलें. पवळाबाईंचें हिवरगांव संगमनेर तालुक्यांतलें, म्हणजे जुन्नरच्या शेजारचें. अशा रीतीनें स्त्रीची भूमिका स्त्रीकडे आली. परंतु प्रतिष्ठेची वांटणी मात्र उलटी झाली. पुरुषानें नेसलेल्या शालूचें आपण कौतुक केलें; स्त्रीनें नेसलेल्या लुगड्याकडे पाहतांना आपली पांढरपेशी मान जरा वळली. आपल्या घरांतून तमाशाचें नांव कसें घेतलें जात असे, हें श्रोत्यांना मीं सांगावयास नकोच.

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या मार्गावर आंबेगांव तालुक्यांतील मंचर मागें टाकलें कीं थोड्याच वेळांत मीना नदीच्या कांठचें नारायणगांव लागतें. जुन्नर तालुक्यांतील हें बाजाराचें गांव. पण तमासगीर त्याला तमाशाची पंढरी म्हणतात. चैत्र जवळ आला कीं येथें फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नांवाची पाटी असते. गांवोगांवचे पंच येतात, आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेची तिथि सांगतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. जुन्नर-आंबेगांवकडील कित्येक गांवांची जत्रा दिवसा बैलगाड्यांच्या शर्यती आणि रात्रीं तमाशा यांवांचून पुरी झाली असें कोणास वाटत नाहीं.

या गांवाचें नांव आपल्या नांवांत गुंफून ज्यांनीं तें महाराष्ट्रभर नेलें, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर. त्यांचे आजोबा नारायण खुडे यांनीं फड उभा केला. वडील भाऊ व चुलते बापू यांनीं तो 'भाऊ-बापू मांग नारायणगांवकर' या नांवानें गाजविला. विठाबाईंचा जन्म १९३५ सालीं पंढरपुरास झाला. लहान वयांतच त्या फडावर उभ्या राहिल्या. १९६२ च्या चीनच्या युद्धकाळीं सीमेवरील जवानांपुढें त्यांनीं आपली कला सादर केली. १९५७ आणि १९९० सालीं राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजीं त्या निवर्तल्या. आज त्यांच्या नांवानें राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो.

त्यांच्या आयुष्यांतील एक प्रसंग सर्वतोमुखीं आहे. दिवस भरलेले असतांना त्या फडावर नाचत होत्या. खेळ ऐन रंगांत आला आणि कळा सुरू झाल्या. त्या मागें गेल्या, तेथेंच प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढें जाण्यास सिद्ध झाल्या. खरा प्रकार ध्यानांत आला तेव्हां प्रेक्षकांनींच खेळ थांबवावयास लावला आणि बाईंना विसांवा घेण्यास सांगितलें, असें या कथेंत पुढें सांगतात.

ही कथा आपण धैर्याची म्हणून सांगतों, आणि ती धैर्याची आहेच. पण आजच्या विषयाच्या अनुरोधानें तिच्याकडे पाहा. त्या रात्रींच्या नऊवारी लुगड्यानें काय काय केलें? त्यानें नाचणारीला रूप दिलें, गर्भारणीचें पोट आवरून धरलें, आणि समोरच्या शेंकडों डोळ्यांपासून तिची अवस्था झांकून ठेविली. बाळंतिणीला घटकाभराची उसंत न देणारा धंदा, आणि खेळ थांबवूं म्हणणारे तेच रसिक प्रेक्षक, या दोहोंच्या मध्यें तें लुगडें उभें होतें. असें वस्त्र एखाद्या दालनांत काचेमागें पाहावयास मिळालें असतें, तर त्याच्या कांठपदराकडे पाहून आपण पुढें गेलों नसतों.

असलीं लुगडीं सहसा मागें उरत नाहींत. याचें कारण फडाच्या व्यवहारांत आहे. नाटक कंपनीचा शालू पेटींत राही. फडावरचें लुगडें रात्रीं अंगावर आणि दिवसा प्रवासांत. आज एका गांवीं खेळ, उद्यां दुसऱ्या. पहांटे खेळ संपला कीं सामान भरावयाचें आणि निघावयाचें. घामानें भिजलेलें कापड पुरतें वाळण्यापूर्वींच त्याची घडी होते. वर धूळ, मशालींचा व पुढें गॅसबत्त्यांचा धूर, चेहऱ्याचा रंग, आणि चाळाच्या घुंगरांत अडकून फाटणारा कांठ. घामांत क्षार व आम्ल असतात. तीं धाग्याला हळूहळू खातात. जरींत चांदी असली तर हवेंतील गंधकाच्या अंशानें ती काळी पडते. वर्ष-दोन वर्षांत लुगडें फडावर नेसण्याजोगें राहत नाहीं. मग जुन्या लुगड्याची जी गति आपल्या घरांतून होते तीच त्याचीहि होते: त्याची गोधडी होते, कोणाच्या तरी तान्ह्याखालीं जाते आणि संपते. यांत वाईट कांहींच नाहीं. वस्त्राचा असा शेवट व्हावा हें त्याचें सार्थकच म्हणावें लागेल. पण त्यामुळें होतें असें कीं, जें वस्त्र कमी वापरलें तें संग्रहालयांत पोंचतें, आणि ज्यानें सर्वांत अधिक श्रम केले तें मात्र नाहींसें होतें.

दुसरी एक अडचण याहून नाजूक आहे. इंग्रज नटीचा पोषाख शिवलेला आहे. तो पुतळ्यावर चढविला कीं आकार धरतो. नऊवारी लुगडें हें शिवलेलें वस्त्र नव्हे. सुमारें सव्वाआठ मीटर लांबीचें तें सरळ कापड आहे. अंगावरून उतरलें कीं त्याचा आकारहि उतरतो. त्याला रूप येतें तें नेसण्यानें. काष्टा कोठें खोंवावयाचा, निऱ्या किती घ्यावयाच्या, नाचतांना पाय मोकळा राहावा पण घोट्यावर चाळ दिसावेत अशी लांबी कशी साधावयाची, आणि गौळणींत राधा होऊन डोईवर घेतलेला पदर लावणीला उभें राहतांना कमरेला कसा आवळावयाचा, हें ज्ञान कापडांत नाहीं. तें नेसणाऱ्या बाईच्या हातांत आहे. केवळ घडी घालून ठेवलेलें लुगडें म्हणजे कापडाच्या दुकानांतील माल! म्हणून ज्यास फडावरचें लुगडें जतन करावयाचें असेल त्यानें नेसणेंहि जतन केलें पाहिजे. ज्या बायांनीं तीस-चाळीस वर्षें फड गाजविले त्यांपैकीं एखादीला बसवून, तिच्या सोयीनें व तिला योग्य मोबदला देऊन, नेसण्याची प्रत्येक पायरी चलच्चित्रांत टिपली पाहिजे, आणि तिचें बोलणें तिच्याच शब्दांत उतरून घेतलें पाहिजे.

चाळांचेंहि तसेंच. चाळ म्हणजे पायांत बांधावयाची घुंगरांची माळ. तिचें वजन शेरांनीं मोजावें इतकें असतें. तें वजन घोट्याला रुतूं नये म्हणून आंतून कापडाची पट्टी गुंडाळतात. चाळ पितळेचे, ते टिकतील. ती पट्टी मात्र कोणी ठेवणार नाहीं. मला विचाराल तर मी म्हणेन, चाळांच्या शेजारीं ती मळकी पट्टीहि ठेवा. चाळ पाहून कलेची आठवण होईल, आणि पट्टी पाहून श्रमाची.

हें जतन करावें कसें, हा प्रश्न आपल्या गृहिणींनाहि उपयोगी पडेल असा आहे, कारण आजीची पैठणी बहुतेक घरांत एखाद्या ट्रंकेच्या तळाशीं असते. पहिला नियम असा कीं, जुनें वस्त्र संग्रहासाठीं आलें म्हणून लगबगीनें धुऊं नये. आपल्या दृष्टीनें जो डाग, तो अभ्यासकाच्या दृष्टीनें पुरावा असतो. शिवाय विरलेलें कापड पाण्याच्या भारानेंच फाटतें. दुसरा नियम उजेडाचा. रेशमावर व रंगावर उजेडाचा जो परिणाम होतो तो पुन्हा भरून येत नाहीं. संग्रहालयांतून कापडावर पन्नास लक्सपेक्षां अधिक उजेड पडूं देत नाहींत. एका मेणबत्तीचा उजेड एक फुटावर जेवढा पडतो, त्याच्या सुमारें पांचपट एवढाच हा होय. तिसरा नियम हवेचा. आंबेगांवच्या पश्चिमेस डिंभें-भीमाशंकरकडे पावसाळ्यांत भिंतींना ओल येते आणि चैत्रांत तेथीलच लांकूड तडकतें. अशा चढउतारानें धागा फुगतो, आकसतो आणि शेवटीं तुटतो. म्हणून दमटपणा सुमारें निम्म्यावर स्थिर राखावा लागतो. चौथा नियम घडीचा. एकाच रेषेंत वर्षानुवर्षें घडी राहिली कीं जर तेथेंच मोडते. शक्य तर वस्त्र रुंद नळीवर गुंडाळावें. तें न साधल्यास दर कांहीं महिन्यांनीं घडी बदलावी. वेष्टनासाठीं खळ काढून धुतलेला मांजरपाट उत्तम. प्लॅस्टिकच्या पिशवींत ओल कोंडते. आपले पूर्वज पोथ्या बासनांत बांधीत ते याच विचारानें. डांबराच्या गोळ्या कापडाला लागूं देऊं नयेत.

पण या सर्वांहून महत्त्वाचा नियम पांचवा. वस्त्राबरोबर एक कागद असलाच पाहिजे. हें कोणाचें, कोणत्या फडांतलें, कोणत्या वगांत वा गौळणींत नेसलेलें, कोणत्या सालीं, कोणाकडून आलें, यांची नोंद नसेल तर तें वस्त्र मुकें आहे. नांव नसलेलें लुगडें 'लोककलेचा एक नमुना' होऊन बसतें. जिनें तें नेसलें ती व्यक्ति होती, नमुना नव्हती.

येथें एक शंका मनांत येते आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. विठाबाईंच्या अखेरच्या दुखण्याचें रुग्णालयाचें देणें देणगीदारांच्या मदतीनें भागवावें लागलें. राष्ट्रपतींनीं दोनदां गौरविलेल्या कलावतीची ही अखेर. मग वस्त्राला काचेचें कपाट आणि नेसणारीला औषधाची वानवा, असा प्रकार आपण करणार काय? जिवंत कलावतीची हेळसांड करून तिच्या लुगड्याची आरती ओंवाळणें हा शुद्ध दंभ ठरेल. म्हणून संग्रह करणाऱ्यानें वस्त्र फुकट मागूं नये. फडांतील वृद्ध स्त्रीकडून तिचें लुगडें, चाळ, आरसा, पेटी घ्यावयाची तर योग्य किंमत देऊन, तिची पूर्ण संमति घेऊन, आणि पाटीवर तिनें सांगितलेलें नांव घालूनच घ्यावी. असें झालें तर संग्रहालय हें दयेचें स्थान न होता न्यायाचें होईल.

हें अशक्य नाहीं. पुण्यांतील दिनकर गंगाधर केळकर यांचें उदाहरण आपणांसमोर आहे. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणाऱ्या या गृहस्थानें अकालीं गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नांवानें संग्रह उभारला. त्यासाठीं त्यांनीं आयुष्यभर अडकित्ते, दिवे, वाद्यें, भांडीं, वस्त्रें अशा नित्याच्या घरगुती वस्तु जमविल्या आणि १९७५ सालीं तो सारा संग्रह शासनास अर्पण केला. अडकित्ता जतन करण्यासारखा आहे हें केळकरांनीं दाखविलें तेव्हां आपणांस पटलें. चाळांची पट्टी जतन करण्यासारखी आहे हेंहि पटण्यास हरकत नसावी. त्याचें योग्य स्थान नारायणगांवच. जेथें राहुट्या लागतात तेथें एक कोरडी, अंधारी, नीट बांधलेली खोली, नोंदींची एक वही, आणि जाणत्या माणसाची देखरेख, एवढ्यावर आरंभ होऊं शकेल. सुपारी देण्यास आलेल्या पंचांनीं जातां जातां तेथें डोकवावें आणि ज्यांना आपण बोलावतों त्या बायांच्या आधीं कोण होऊन गेल्या हें पाहावें.

जुन्नर तालुक्याला नांवांचें महत्त्व नव्यानें शिकवावयास नको. नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांनीं आपल्या कुळांतील राजे, राणी व कुमार यांच्या आठ प्रतिमा कोरविल्या आणि प्रत्येकीवर ब्राह्मी अक्षरांत नांव घातलें. त्यांत राणी नागनिका आहे. आज तेथें उभें राहिलें तर मुखें नाहींत, अलंकार नाहींत, वस्त्रें नाहींत; पायांच्या कांहीं खुणा आणि वर कोरलेलीं नांवें तेवढीं उरलीं आहेत. तरीहि ती राणी आपणांस ठाऊक आहे, कारण पायांच्या वर तिचें नांव आहे. राणीसाठीं खडक मिळाला. फडावर नाचून ज्यांचे पाय झिजले त्या स्त्रियांसाठीं आपण निदान एक मांजरपाटाचें बासन आणि एक कागद द्यावा, आणि तो त्यांच्या हयातींत द्यावा. ज्यांच्या ट्रंकेंत अजून असें एखादें लुगडें आहे, अशा बाया आज वृद्ध झालेल्या आहेत. तें लुगडें गोधडींत जाण्यापूर्वीं कोणी तरी त्यांच्या दारीं जाऊन विचारलें पाहिजे.